सन्मान आणि सोबत : काशीतील मराठी कुटुंबांचे उत्तरायुष्यातील सोहळे, स्नेह आणि वनभोजने

मराठी माणसाच्या आयुष्यात काशीचे नाव दोनदा ठळकपणे येते. पहिल्यांदा ते सोडमुंजीच्या वेळी येते. छत्री, काठी आणि पादत्राणे घेऊन बटू काशीला निघतो आणि मामा त्याला मुलगी देण्याचे आश्वासन देऊन मांडवाच्या दारातूनच परत आणतो. दुसऱ्यांदा ते उत्तरायुष्यात येते. त्या वेळी यात्रा खरोखरीच घडते, गंगेची कावड किंवा गडू घरी येतो आणि सोयऱ्याधायऱ्यांना बोलावून मावंदे घातले जाते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात १८५७ च्या धामधुमीतील आपली भ्रमंती सांगितली आहे. या भ्रमंतीचा शेवटही घरी आणलेल्या गंगाजलाने आईवडिलांना स्नान घालण्यात होतो. ज्याला परतायचे नसे, तो काशीवास पत्करीत असे. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ ही म्हण याच मनोवृत्तीतून आली आहे. या कल्पनेत काशी नेहमीच प्रवासाच्या शेवटी उभी असते.

परंतु ज्यांचा जन्मच काशीत झाला, ज्यांची मुंज, लग्न आणि संसार तेथेच पार पडले, त्या मराठी कुटुंबांचे काय? त्यांच्यासाठी काशी हे शेवटचे ठिकाण नसून नेहमीचे राहते घर आहे. त्यामुळे त्यांचे म्हातारपणही मोक्षाच्या प्रतीक्षेपुरते मर्यादित राहत नाही. त्यात वाढदिवस असतात, जुन्या मित्रांच्या बैठका असतात, आवळीखालचे जेवण असते आणि नावेतून पलीकडच्या वाळूवर जाणे असते. या साध्या, दैनंदिन आनंदांचे स्वरूप आणि त्यांचे सामाजिक कार्य यांचा विचार येथे करावयाचा आहे.

वसाहतीची पार्श्वभूमी

काशीतील मराठी वस्ती अनेक शतके जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने तेथील पांडित्याच्या परंपरेत अग्रस्थान मिळविले. नारायणभट्टांचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी आणि गया या क्षेत्रांच्या यात्राविधीवरील प्रमाणग्रंथ ठरला. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. महाराष्ट्रात सणवार आणि तिथी यांचा निर्णय करताना पुढे पिढ्यान्‌पिढ्या या ग्रंथाचा आधार घेतला गेला. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातील होत. संत एकनाथांनी आपली भागवतावरील टीका शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला काशीतच पूर्ण केली. पुढे मराठी सत्तेच्या काळात घाट, मंदिरे आणि अन्नछत्रे उभी राहिली. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथ मंदिर पुन्हा बांधविले. भोसले घाट, शिंदे घाट आणि अहिल्याबाई घाट ही नावे आजही त्या काळाची साक्ष देतात.

पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबांची वस्ती दाट होती. या वस्तीने काशीच्या सार्वजनिक जीवनाला मोलाची माणसे दिली. हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ मानले जाणारे ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) हे काशीत जन्मलेल्या मराठी कुटुंबातील होते. घरात मराठी आणि बाहेर हिंदी व काशिकाबोली अशी दुपदरी भाषिक व्यवस्था या कुटुंबांत स्वाभाविकच रुजली. ही व्यवस्था ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या उत्तरायुष्यातील सोहळ्यांचे आणि मैत्रीचे महत्त्व कळणार नाही.

वयाचे सोहळे

मराठी कुटुंबांत वृद्धत्वाचा सन्मान करणाऱ्या विधींची एक मालिकाच आहे. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी करावयाच्या वयोवस्था शांती पंचांगांतून दिलेल्या असतात. त्यांपैकी साठीची शांती, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन हे तीन टप्पे विशेष रूढ आहेत. शांतिविधींचे संकलन करणारे दोन प्रसिद्ध ग्रंथ काशीतील भट्ट घराण्यातच रचले गेले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांपैकी ‘शांतिकमलाकर’ कमलाकरभट्टांचा, तर ‘शांतिमयूख’ त्यांचे चुलतभाऊ नीलकंठभट्ट यांचा होय. म्हणजे काशीच्या मराठी घरात होणारी शांती ही मायभूमीतून आणलेली रूढी तर आहेच, शिवाय ती शास्त्रबद्ध करण्याचे कामही त्याच नगरीत झालेले आहे.

सहस्रचंद्रदर्शनाचे गणित पाहिले तर त्यातील कल्पकता लक्षात येते. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. ऐंशी वर्षांच्या बारा महिन्यांप्रमाणे ९६० पौर्णिमा होतात. एकोणीस वर्षांत सात अधिकमास येतात, या हिशेबाने ऐंशी वर्षांत आणखी सुमारे एकोणतीस-तीस पौर्णिमांची भर पडते. उरलेल्या दहा पौर्णिमांसाठी आणखी दहा महिने लागतात. त्यामुळे ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने पूर्ण झाली की हजार पौर्णिमा पुऱ्या होतात. वर्षांचा आकडा सांगण्याऐवजी पाहिलेल्या चंद्रांची संख्या सांगण्यात आयुष्याकडे पाहण्याची एक प्रसन्न दृष्टी आहे. माणूस किती झिजला याची नोंद येथे होत नाही. त्याने किती पाहिले, याची होते.

काशीत या सोहळ्याला आणखी एक परिमाण लाभते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्ही पंचांगांतील महिन्याचे नाव एकच असते. कृष्ण पक्षात मात्र ते वेगळे होते. महाशिवरात्र मराठी पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला येते आणि तीच काशीच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असते. ज्या आजीचा जन्म वद्य पक्षातला, तिच्या जन्मतिथीला घरात एक महिना आणि शेजारी दुसरा महिना चालू असतो. दिवस मात्र एकच असतो. तिथीने वाढदिवस करणाऱ्या काशीकर मराठी कुटुंबाला ही दोन्ही मापे सांभाळावी लागतात. परभूमीत राहूनही आपले कालमापन टिकवून धरण्याचा हा एक शांत मार्ग म्हणता येईल.

सोहळ्याचे स्वरूप सर्वपरिचित आहे. सकाळी होम, दुपारी जेवण आणि संध्याकाळी वयाच्या संख्येइतक्या दिव्यांनी औक्षण होते. क्वचित गुळाची किंवा पुस्तकांची तुला होते आणि ती वस्तू वाटली जाते. पुण्या-मुंबईचे आणि परदेशी गेलेले आप्त एकत्र येतात. काशीच्या घरात त्यानिमित्ताने काही दिवस मराठीचा आवाज वाढतो. पुरणपोळी आणि मसालेभाताच्या पंगतीतच कचौडी-जिलेबीचा नाश्ताही असतो आणि जेवणानंतर बनारसी पान आल्याशिवाय पंगत उठत नाही.

सन्मानाची मर्यादा

या सोहळ्यांचे मोल मान्य करूनही त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. सोहळ्यात वृद्ध व्यक्ती चौरंगावर बसलेली असते. तिला ओवाळले जाते, तिच्या पाया पडतात, तिच्याविषयी बोलले जाते. तिने काही करावयाचे नसते. दोन दिवसांनी पाहुणे परततात, मांडव निघतो आणि घर पुन्हा पूर्वीसारखे शांत होते. सन्मान वर्षातून किंवा दशकातून एकदा मिळतो. सोबतीची गरज मात्र रोजची असते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) आणि जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ ही दोन नाटके मराठी प्रेक्षकाला एवढी भिडली, याचे एक कारण हेच असावे. गणपतराव बेलवलकरांना सत्काराची उणीव नव्हती. उणीव होती ती दिवस वाटून घेणाऱ्या माणसाची.

दुसरी मर्यादा स्त्रियांच्या संदर्भात अधिक तीव्र होते. मराठी घरांतील चैत्रगौरीचे आणि संक्रांतीचे हळदीकुंकू हा स्त्रियांच्या भेटीगाठींचा मोठा आधार होता. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांच्या निमित्ताने गल्लीतील सर्व घरे एकमेकांना जोडली जात. परंतु पती निवर्तल्यानंतर परंपरेने स्त्रीला या वर्तुळाबाहेर ठेवले. ज्या वयात सोबतीची निकड सर्वाधिक, त्याच वयात निमंत्रण थांबत असे. काशीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण काशीवासासाठी आलेल्यांत विधवा स्त्रियांची संख्या पूर्वापार मोठी होती. अलीकडे या रूढीत बदल होऊ लागला आहे. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल राज्यभर घेतली गेली. तरीही घरोघरीचे आचार ठरावाच्या गतीने बदलत नाहीत.

आवळीभोजन आणि बहरी अलंग

घरातील सोहळा जेथे अपुरा पडतो, तेथे घराबाहेरची सहल उपयोगी पडते. काशीच्या मराठी जीवनात या दृष्टीने कार्तिक महिना महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात गंगा घाटांच्या पायऱ्या व्यापून वर चढते. भाद्रपदानंतर पाणी ओसरू लागते, तेव्हा घाटांवर गाळाचे थर उरलेले असतात. ते धुऊन काढण्याचे काम बरेच दिवस चालते. कोजागिरीनंतर हवा निवळते आणि वृद्ध माणसे पुन्हा नदीकडे वळतात. पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढविले जातात. येथील अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीच्या रात्री उजळतो.

याच महिन्यातील शुक्ल नवमीला काशीत अक्षय नवमी किंवा आवळा नवमी पाळतात. आवळीच्या झाडाची पूजा करून त्याखाली स्वयंपाक आणि भोजन करण्याची ही प्रथा महाराष्ट्रातील आवळीभोजनाशी मिळतीजुळती आहे. शुक्ल पक्ष असल्यामुळे येथे पंचांगांचाही मतभेद उरत नाही. त्यामुळे मराठी आणि हिंदी शेजाऱ्यांना एका झाडाखाली, एकाच दिवशी, आपापल्या रीतीने जेवता येते. एका पंक्तीत भरली वांगी आणि मसालेभात, तर शेजारी गोवऱ्यांच्या ‘अहऱ्या’वर भाजलेल्या बाट्या आणि वांग्या-बटाट्याचा चोखा असतो.

या भोजनाची बांधणी घरातील समारंभापेक्षा वेगळी आहे. येथे चौरंग नाही आणि मानाची जागाही नाही. सत्तर-पंचाहत्तरीच्या काकू चूल कुठे मांडावी हे सांगतात, नाना लाकडे आणि गोवऱ्या रचतात, ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजी सतरंजीवर बसून वांगी चिरतात. वृद्ध माणूस येथे पाहुणा नसतो, तो कामाचा वाटेकरी असतो. शिवाय आवळीखालच्या जेवणाला सवाष्ण असण्याची अट नाही. हळदीकुंकवाच्या दारात थबकलेली स्त्री येथे सहज येऊन बसू शकते. निसर्गाच्या सान्निध्यातील जेवण अधिक समतेचे का असते, याचे उत्तर कदाचित उंबरठा नसण्यातच आहे.

बनारसच्या लोकजीवनात सहलीची स्वतःची एक परंपरा आहे. तिला ‘बहरी अलंग’ असे नाव आहे. शहराच्या गजबजाटातून बाहेर पडून नदीपलीकडे किंवा बागेत जावे, तेल चोळून स्नान करावे, ठंडाई घ्यावी, बाटी-चोखा करावा आणि संध्याकाळी परत फिरावे, असा तिचा क्रम असतो. गंगेचा पूर्व किनारा हा वाळूचा मोकळा पट्टा आहे. घाटांवरची दाट वस्ती आणि समोरचा रिकामा किनारा यांतील हे अंतर नावेतून काही मिनिटांत कापता येते. हिवाळ्यात दूर देशांहून आलेले पांढरे कुरव पक्षी नावेभोवती घिरट्या घालतात. मूळच्या पुरुषी वळणाच्या या परंपरेला कुटुंबांनी आपलेसे केले की तिच्यात नातवंडेही सामील होतात आणि आजोबांना आपले बालपणीचे शहर नदीतून दाखविता येते.

याहून लांबच्या सहलींसाठीही वाराणसीचा परिसर अनुकूल आहे. शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवरचे सारनाथ हिवाळ्यातील दुपारसाठी पुरेसे आहे. चंदौली जिल्ह्यातील चंद्रप्रभा अभयारण्य १९५७ मध्ये स्थापन झाले. तेथील राजदरी आणि देवदरी हे धबधबे पावसाळ्यानंतर पाहण्याजोगे असतात. विश्वविद्यालयाचा सुमारे १,३०० एकरांचा, वृक्षांनी वेढलेल्या रस्त्यांचा परिसर पहाटे फिरणाऱ्यांना सोयीचा आहे. पंचक्रोशी यात्रा ही तर परंपरेनेच घडविलेली दीर्घ पदयात्रा होय. कंदवा, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे तिचे पाच मुक्काम आहेत. पूर्वी ही वाट शेते आणि आमराया यांतून जात असे. धार्मिक हेतूच्या आवरणाखाली मोकळ्या हवेत, समवयस्कांच्या संगतीत चालण्याची सोय परंपरेने करून ठेवली होती, हे येथे दिसते.

मैत्री आणि भाषा

काशीतील वृद्धांची मैत्री मुख्यतः जागांशी बांधलेली असते. घाटावरची दगडी मढी, देवळाचा ओटा, चहाच्या दुकानावरची नित्याची बैठक, जिला बनारसमध्ये ‘अडी’ म्हणतात, या जागांना निमंत्रण लागत नाही. ठरावीक वेळी ठरावीक माणसे येतात. एखादा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन चौकशी करतो. ही चौकशी म्हणजे एक अनौपचारिक संरक्षणव्यवस्थाच असते. महाराष्ट्रातील शहरांत हे काम ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे आणि १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या हास्यक्लबच्या चळवळीने पुष्कळ अंशी अंगावर घेतले. तेथे अनोळखी माणसांना एकत्र आणण्यासाठी संस्था लागल्या. काशीच्या गल्ल्यांत शेजारानेच ते काम दीर्घकाळ केले.

मराठी वृद्धांच्या बाबतीत या मैत्रीला आणखी एक अर्थ आहे. घरातील तिसरी पिढी हिंदी माध्यमात किंवा इंग्रजी माध्यमात शिकते. नातवंडांना मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देतात. मुले-सुना प्रेमळ असली तरी त्यांचा दिवस नोकरी-व्यवसायात जातो. अशा स्थितीत पूर्ण वाक्यांची, थट्टेची, उखाण्यांची आणि जुन्या आठवणींची मराठी ज्यांच्याशी बोलता येते, ते बहुधा समवयस्कच उरतात. दुर्गाघाटावरच्या दोन मराठी आजींच्या गप्पांत कोकणातील किंवा देशावरील शब्द असतात आणि हिंदीची सहज मिसळणही असते. ही भाषा पुस्तकांत सापडत नाही, ती बोलणाऱ्यांतच असते. मैत्रीण गेली की जो एकटेपणा येतो, त्यात भाषेचे एकटेपणही मिसळलेले असते. एकाकीपणाचा विचार करताना भाषिक अल्पसंख्य वृद्धांचा हा पैलू सहसा दुर्लक्षिला जातो.

यावरून आवळीभोजनासारख्या प्रसंगाचे मोल अधिक स्पष्ट होते. सोहळ्यात मराठी भाषणांतून आणि मंत्रोच्चारांनंतरच्या आशीर्वादांतून ऐकू येते. सहलीत ती काम करताना वापरली जाते. ‘विस्तव जरा मागे ओढ’, ‘वाटण जाडसर राहू दे’, ‘पान वाढायला घे’ असे आजीचे बोल नातवाच्या कानी पडतात आणि त्याला हाताने उत्तर द्यावे लागते. भाषा शिकविण्याचा हा मार्ग वर्गाहून अधिक परिणामकारक असतो, कारण येथे शब्दाबरोबर वस्तूही समोर असते.

अडचणी आणि अपेक्षा

ही जीवनरीती टिकविण्याच्या मार्गात अडचणी आहेत. पंचगंगेसारख्या घाटांच्या पायऱ्या उंच आणि संख्येने पुष्कळ आहेत. गुडघ्यांनी साथ सोडली की नदी जवळ असूनही दुरावते. गल्ल्यांत वाहन शिरत नाही. जुन्या घरांच्या वाटण्या झाल्या, तरुण पिढी शहराच्या नव्या भागांत किंवा अन्य शहरांत गेली आणि एका हाकेच्या अंतरावरचा शेजार विरळ झाला. पर्यटकांची वाढती गर्दी, विशेषतः देवदिवाळीसारख्या प्रसंगी, वृद्धांना घाटापासून दूरच ठेवते. संसदेने २००७ मध्ये आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी कायदा केला. त्याने निर्वाहाचा हक्क दिला ही मोठी गोष्ट आहे. पण सोबत हा कायद्याने देता येण्यासारखा पदार्थ नव्हे.

ती समाजालाच द्यावी लागते, आणि त्यासाठी लागणारी साधने फार खर्चिक नाहीत. घाटावर उतरताना हाताला आधार देणारा कठडा, मध्ये टेकण्यासाठी बाक, नावेत चढण्यासाठी रुंद फळी, गल्लीच्या तोंडापर्यंत नेणारे वाहन आणि वर्षातून चार-पाच वेळा पुढाकार घेणारी दोन तरुण माणसे एवढ्याने पुष्कळ काही साधेल. मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या जोडीने कार्तिकातील आवळीभोजन आणि हिवाळ्यातील एक नौकाविहार आपल्या वार्षिक कार्यक्रमात घ्यावा. त्यात सर्व स्त्रियांना सारखेच आमंत्रण असावे आणि ज्येष्ठांना प्रेक्षक न करता कामे वाटून द्यावीत. त्याच वेळी त्यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तर काशीच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनाही ते साहित्य मोलाचे ठरेल.

सहस्रचंद्रदर्शनाच्या कल्पनेत एक गृहीतक दडलेले आहे. हजार पौर्णिमा माणसाने एकट्याने पाहिलेल्या नसतात. कोणीतरी गच्चीवर हाक मारून बोलावलेले असते, कोजागिरीचे दूध कोणीतरी आटविलेले असते, घाटावर कोणीतरी शेजारी बसलेले असते. हजार चंद्रांचा सत्कार करणाऱ्या कुटुंबाने आणि समाजाने त्यानंतरच्या पौर्णिमांना ज्येष्ठांच्या शेजारी कोण बसणार, याचीही व्यवस्था केली पाहिजे.